गाईने अडवलेले दूध

मुलांनो, शेतांना लागून असलेल्या एका जंगलात एक गाय राहत असे. मोठी मायाळू हो! आईवेगळी पाडसेसुद्धा तिच्या दुधावर वाढत. वसुबारसेला मात्र तिच्या दुधाला दुसरे कुणी तोंड लावीत नसे. त्या दिवशी सगळे दूध वासराने पोटभर प्यायचे, असा त्या जंगलाचा नेमच होता.

एका वसुबारसेला वासरू उड्या मारीत आईकडे धावले, तर गाईने त्याला हळूच दूर सारले. ते पुन्हा आले, तिने पुन्हा सारले. बिचारे हंबरू लागले. फांदीवरून माकड ओरडले, "अगं बाई, सणाच्या दिवशी लेकरू उपाशी?" गाय म्हणाली, "अरे, सकाळी मी कपाशीच्या बांधावरचे गवत खाल्ले. मग पाहते तर काय, तिथे फवारणी झालेली आणि मधमाश्या मरून पडलेल्या! ते विष माझ्या दुधात उतरले असेल."

कोल्हा हसला. "दूध तर पांढरेशुभ्र आहे, मावशी! फारच वाटत असेल तर उन्हात तापव."

"तापवून फवाऱ्याचे विष जात नाही रे," गाय म्हणाली. तिची कास ठणकत होती, दूध आपोआप खड्ड्यात गळत होते. ती खुराने त्यावर माती लोटत होती. तिची पाठ वळताच कोल्ह्याने "फुकटची बासुंदी!" म्हणत ते चाटले. थोड्याच वेळात तो तोंडाला फेस येऊन लोळू लागला. संध्याकाळी कुठे त्याला शुद्ध आली.

इकडे वासरू भुकेलेच होते. गाय त्याला डोहातल्या म्हशीकडे घेऊन गेली. "ताई, तुझा चारा आतल्या रानातला. माझे दूध निर्मळ होईपर्यंत याला पाजशील?"

"बारा महिने पूजा तुझी, आणि आज आठवण माझी होय?" म्हैस चिखलातून उठत म्हणाली. "ये रे बाळा, ये."

वासरू चुटूचुटू पिऊ लागले. म्हशीचे लक्ष गाईच्या तटतटलेल्या कासेकडे गेले. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "भरल्या कासेने आपल्याच लेकराला नाही म्हणायचे... मला नसते गं जमले. धन्य आहे तुझी!"

तात्पर्य : अन्न कितीही मायेचे असो, ते निर्मळ असल्याची खात्री नसेल, तर ते न देणे हीच खरी माया.