सगळ्यांचे अठरा

"पण सिस्टर, सगळं नॉर्मल आहे. डॉक्टरांना बोलवायचं काय म्हणून?"

ऋजुता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, वर्गात पहिली. हे ती कुणाला विसरू देत नसे. तिनं भरलेला तक्ता छापल्यासारखा दिसायचा.

वॉर्डाच्या प्रमुख रूथ सिस्टरांनी तक्त्याकडे पाहिलंच नाही. त्या सात नंबरच्या खाटेजवळचा कप बघत होत्या. चहावर साय धरली होती.

"अप्पांनी आज चहाला नावं ठेवली?"

"नाही. आज शहाण्यासारखे पडून आहेत."

कोंडिबाअप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. रोज सकाळी चहा आला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"श्वास किती?"

"अठरा."

"काल?"

"अठरा."

"शेजारच्यांचे?"

"...अठरा."

"छान. सगळ्या वॉर्डानं ठरवून घेतलेले दिसतात."

ऋजुताचे कान तापले. श्वास कुणी मोजत बसतं का? पहिल्या वर्षापासून सगळ्याच मुली अठरा लिहीत आल्या होत्या.

सिस्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात ठेवलं. तिचा दुसरा हात धरून अप्पांच्या छातीवर टेकवला.

"पूर्ण एक मिनिट."

...

मिनिट संपायच्या आतच तिचा चेहरा उतरला.

"चौतीस... सिस्टर, मी सकाळी..."

"रडायचं नंतर. आधी फोन कर."

"आणि डॉक्टर म्हणाले, उगाच बोलावलं, तर?"

"तर बोलणी खा. मीही पुष्कळ खाल्लीत."

सिस्टर ऑक्सिजन लावू लागल्या. ऋजुता फोनकडे धावली.

अप्पांच्या छातीत जंतुसंसर्ग पसरत होता. त्यांना लगेच अतिदक्षता विभागात हलवलं. "आत्ता बोलावलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "दुपारपर्यंत हाताबाहेर गेलं असतं."

पाच दिवसांनी अप्पा पुन्हा सात नंबरवर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला.

"ह्याला च्या म्हणत्यात व्हय? भांडी इसळल्यालं पाणी हाय ह्ये!"

ऋजुता धावतच सिस्टरांकडे आली. डोळ्यांत पाणी होतं आणि हसू आवरत नव्हतं.

"सिस्टर, अप्पा ओरडतायत!"

रूथ सिस्टर औषधांची ट्रॉली पुसत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या,

"ओरडू देत. आज गप्प कोण आहे?"