उकललेल्या तीन गाठी

फार जुनी गोष्ट, घाटातली वाट अजून धड रुळली नव्हती तेव्हाची. एका राज्यात मीठ वाहणाऱ्या बैलगाड्यांचा तळ होता आणि तो एक म्हातारी सांभाळत असे. तळावर प्रत्येक गाडीची एक दोरी खुंटीला टांगलेली. गाडी घाट ओलांडून आली, की म्हातारी तिच्या दोरीला एक गाठ मारी. वीस गाठी झाल्या, की गाडी कुरकुरत असो वा नसो, दोन दिवस सुताराकडे! चाकं उतरवायची, त्यांना जोडणारा आख तपासायचा, वंगण घालायचं आणि मग नवी दोरी.

तिथे एक गाडीवान होता. माणूस उमदा, पण गाडीचा भारी अभिमान. त्याच्या लेकीचं लग्न घाटापलीकडच्या गावात ठरलं आणि नेमकी लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच्या दोरीला विसावी गाठ पडली.

"लेक जाणार ती माझ्याच गाडीतून," तो मनाशी म्हणाला. "आणि गाडीला काय धाड भरलीय?"

म्हातारीची पाठ वळताच त्याने गाठ सोडली. परत आल्यावर लगेच सुताराकडे जायला नको, म्हणून आणखी दोन सोडल्या.

सकाळी वऱ्हाड वाजतगाजत निघालं. इकडे म्हातारीने सवयीने त्याच्या दोरीवरून बोटं फिरवली. गाठी सतरा, पण पुढे दोरीला तीन जागी सोडलेल्या गाठींचे वळ. सुताराकडून नुकतीच आलेली गाडी जुंपून ती तडक वऱ्हाडामागे निघाली.

घाटाच्या चढावर गाडीवानाच्या गाडीचा आख कडकन मोडला. नवरी उडी मारून उतरली म्हणून वाचली. मुहूर्त दुपारचा आणि गाव अजून दोन कोस लांब. गाडीवान डोकं धरून खाली बसला.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली.

"आजी, चुकलो!"

"ते मागाहून. आधी पोरीला बसव."

मुहूर्त साधला, अक्षता पडल्या. पंगतीत गाडीवान कसनुसा होत म्हणाला, "पण आजी, गाडी कधी कुरकुरली नव्हती हो!"

"कुरकुरेपर्यंतच थांबायचं असतं, तर मी गाठी कशाला मारल्या असत्या रे?" म्हातारी म्हणाली आणि तिने त्याच्या पानात आणखी एक लाडू वाढला.

तेव्हापासून तो एकोणिसाव्या गाठीलाच सुताराच्या दारात हजर होऊ लागला. लोक हसत, तोही हसे. लेकीला माहेरी आणायला मात्र त्याचीच गाडी जाई, आणि ती कधी वाटेत थांबली नाही.

तात्पर्य : गाडी चालती आहे तोवरच तिची निगा राखावी, मोडल्यावर हाती उरते ती नुसती धावपळ.