ॲक्सलच्या डोक्यावरची खुर्ची

दसरा तोंडावर आला, तसं काटेगडच्या महाराजांनी सुभाना लोहाराला दरबारात बोलावून फर्मावलं, "या वर्षी आमच्या जीपचा पुढचा ॲक्सल मोडता कामा नये. मोडला, तर पुढचं वर्षभर त्याच्या जागी तू!"

सुभानाला वाटलं, महाराज थट्टा करतायत. पण दिवाण टेप घेऊन पुढे आले आणि त्याचे खांदे मोजू लागले.

"दोन चाकांमधलं अंतर भरत नाही," दिवाण काळजीने म्हणाले. "पण हात पसरले की भागेल."

सुभानाची मुलगी धुरपा बापामागे उभी होती. दिवाणांनी ते माप खरोखरच लिहून घेतलं. तिने वर पाहिलं. दरबाराच्या भिंतीवर आजवर मोडलेले ॲक्सल ओळीने टांगले होते, प्रत्येकाला चंदनाचा हार. काटेगडात ॲक्सल मोडत नसे, त्याला वीरगती मिळे.

त्याचं काय होतं, संस्थानचे मूळपुरुष दसऱ्याला घोड्यावर बसून शिलंगणाला निघाले, ते म्हणे नाकासमोर सरळ गेले. तेव्हापासून दसऱ्याची राजाची वाट वाकडी होत नसे. घोडे गेले, जीप आली, रिवाज तसाच राहिला. आणि शिवेवर, बरोबर नाकासमोर, म्हशीएवढा काळाकभिन्न खडक होता. बाजूला बैलगाडी आरामात जाईल एवढी वाट होती. पण वाट वाकडी करायची कोणी? जीप दरसाल खडकावर चढे, पलीकडे आदळे, आणि ॲक्सल भिंतीवर जाई.

सुभानाने घरी येताच भट्टी पेटवली. ॲक्सलला खालून जाड पट्टी जोडली. पट्टीखाली कमान दिली. दोन्ही टोकांना, चाक वळतं तिथे, तिकोनी तुकडे सांधले.

"आता तरी टिकंल का गं?" त्याने घाम पुसत विचारलं.

"आबा, तुमचं काम चोख हाय. पर त्यो खडक काय दरबारात नोकरीला न्हाई, तुमच्या भीतीनं मऊ पडायला."

"मग मी हात पसरायची सवय करू का आत्तापासनं?"

धुरपाला हसूही आलं आणि रडूही. रात्रभर नुसती कूस बदलत तिने तो खडक डोळ्यांसमोर आणला, मग जीप आणली, मग जीपमध्ये बसलेले महाराज आणले. महाराज बसत मागच्या गाद्यांवर, पडदे सोडून. खडक येई तेव्हा बहुधा त्यांचा डोळा लागलेला असे. सकाळी ती थेट वाड्यावर गेली.

"म्हाराज, ॲक्सल मजबूत झालाय. एक काम तेवढं ऱ्हायलंय, ते तुमच्याबिगर हुत न्हाई."

"बोल."

"थोरलं म्हाराज घोड्यावर कुठं बसायचं?"

"कुठं म्हणजे? पाठीवर! मानेच्या लगेच मागे. चौकात पुतळा आहे, दिसत नाही?"

"दिसतो की. म्हणूनच इचारलं. तुमी जीपमधी मागं बसता. म्हंजी घोड्याच्या शेपटीवर झालं न्हवं?"

शेपटीवर बसलेला राजा आजवर कुणाच्या डोक्यात आला नव्हता, आता कुणाच्या डोक्यातून जाईना. महाराज लाल झाले.

"दिवाणजी! इतकी वर्षं आम्ही शेपटीवर बसतोय आणि तुम्ही गप्प?"

संध्याकाळपर्यंत सुभानाने जीपच्या पुढच्या बंपरवर, बरोबर ॲक्सलच्या डोक्यावर, लोखंडी खुर्ची पक्की बसवली. वर मखमल, मागे छत्र.

दसरा उजाडला. ताशे वाजू लागले. महाराज खुर्चीवर बसले, पाय पुढे लोंबकळत. गफूरभाई ड्रायव्हरने जीप सोडली. धुरपा बापाचा हात धरून शिवेवर उभी होती. सुभाना डोळे मिटून दुसरा हात पसरायचा सराव करत होता.

खडक आला. महाराजांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही आपल्या गुडघ्यांच्या समोर.

"गफूर! हे काय आहे?"

"खडक, सरकार. दरसालचाच."

"मग वळव!"

"सरळ जायचा हुकूम आहे, सरकार."

"कुणाचा?"

"आपलाच."

"मग आमचाच दुसरा हुकूम आहे! वळव, डावीकडून घे, अरे घे रे बाबा!"

जीपने मान वळवली, बैलगाडीच्या वाटेने गेली आणि शीव ओलांडून अलगद उभी राहिली. ॲक्सल शाबूत, राजा शाबूत. पण खुर्चीवरून उतरताना महाराजांच्या लक्षात सगळं आलं.

"पोरी, तू आम्हाला फसवलंस. ॲक्सल मजबूत करायला सांगितला होता. तू काय केलंस?"

"मजबूतच केला, म्हाराज. पट्टी लावली, कमान लावली. फकस्त डोळं नव्हतं त्याला, ते तेवढं पुढं बसवलं."

"आणि आमचा रिवाज? मूळपुरुषांचा घोडा सरळ गेला होता!"

"घोड्याला सोताचं डोळं हुतं, म्हाराज. त्यो खडकावरनं गेला असता, तर पुतळ्यात तीनच पायांवर उभा असता."

महाराजांना पुतळा आठवला, त्याचे चारही पाय आठवले, आणि ते असे हसले की छत्र खाली पडलं. दिवाणही हसले, पण जरा उशिरा.

"माग, काय हवं ते माग!"

"भिंतीवरचं ॲक्सल द्या. नांगराचं फाळ हुतील, इळं हुतील."

"महाराज, ते वीर आहेत!" दिवाण कळवळले.

"मग वाजतगाजत पाठवा," महाराज म्हणाले.

त्या संध्याकाळी काटेगडचे सगळे शूर ॲक्सल हार घालून, ताशांच्या गजरात, सुभाना लोहाराच्या भात्यापाशी पोचले. मिरवणुकीच्या पुढे, हात पसरून, दिवाण चालत होते. वीरांसाठी आलेले उरलेले हार त्यांच्या हातांशिवाय दुसरीकडे मावतच नव्हते.