शून्य कॅलरीची साक्ष

"पण यात शून्य कॅलरी आहे, भंतेजी. शून्य म्हणजे शून्य! मग हे खाण्यात कसं धरायचं?"

भंते खेमानंद उन्हात बसून चिवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"धरलं कोणी?"

"नियमच आहे ना. दुपारी बारानंतर काही खायचं नाही. पाणी चालतं, कोरा चहा चालतो. मग डाएट कोलानं काय घोडं मारलंय? साखर नाही, दूध नाही, नुसतं पाणी अन् बुडबुडे. कायद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर..."

'कायद्याच्या दृष्टीनं' हे शब्द आले की समजावं, वकीलसाहेब आता लवकर थांबत नाहीत. हेमराज वासनिक, वय सत्तावन्न, तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं वकिली. समोरचा वकील उभा राहायच्या आत यांचे चार मुद्दे मांडून झालेले असत.

तलावाकाठच्या त्या विहारात डिसेंबरात श्रामणेर शिबिर भरायचं. घरदार असलेली माणसं डोकं भादरून, चिवर पांघरून, दहा दिवस भिक्खूंसारखी राहायची आणि मग परत आपल्या संसाराला लागायची. वकीलसाहेबही आले होते. मिशीसुद्धा उतरवली होती बिचाऱ्यांनी. भंतेंनी त्यांना दहा दिवसांपुरतं नाव दिलं होतं, विनयशील. आता या माणसाला हे नाव का दिलं, ते भंतेंनाच ठाऊक.

आज चौथा दिवस होता.

वकीलसाहेबांनी चिवराच्या घडीतून एक चंदेरी कॅन काढला आणि भंतेंसमोर ठेवला. कोर्टात मुद्देमाल ठेवतात तसा, सगळ्यांना दिसेल अशा बेतानं.

"गाडीच्या डिकीत चोवीस आहेत. तीन दिवस एकालाही हात लावला नाही. आज विचारायलाच आलो. चोरून पिणारा मी माणूस नाही."

"किती पितोस रोज?"

"पाच. कधी सहा."

"मुलगी काय म्हणते?"

वकीलसाहेब दचकले. मुलगी पुण्याला डॉक्टर आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या शिबिराला सांगून टाकलं होतं, ते त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"ती म्हणते कमी करा. मी म्हटलं, पुरावा दे. एक कागद ती दाखवते, दुसरा मी दाखवतो. निकाल काही लागत नाही."

भंतेंनी सुईत दोरा ओवला. ऐंशीच्या घरातलं ते वय, तरी पहिल्या झटक्यात ओवला.

"मग पी."

"काय?"

"पी म्हटलं. चहासारखंच आहे ना? पी."

आता आली का पंचाईत! वकीलसाहेब अर्ध्या तासाच्या युक्तिवादाची तयारी करून आले होते आणि समोरच्यानं पहिल्याच वाक्याला दावा सोडून दिला. त्यांनी कॅन हातात घेतला. कडीला बोट लावलं...

बोट तिथंच राहिलं.

"का? काय झालं?"

तलावावर पाणकावळे उतरत होते. शेजारच्या झाडाखाली दोन श्रामणेर पाली गाथा पाठ करत होते आणि एकाच ओळीवर दोघंही अडत होते.

"भंतेजी, खरं सांगू?"

"इतका वेळ काय सांगत होतास?"

"तीन दिवस डोकं ठणकतंय. हात शिवशिवतात. ध्यानाला बसलो की हाच कॅन डोळ्यांपुढे येतो. पंधरा वर्षांपूर्वी दारू सोडली मी. कशी? एका घावात! लोक उदाहरण देतात माझं. व्यसनमुक्तीच्या सभेत मला खुर्ची असते पहिली. आणि आता हे... ही शिवशिव मला ओळखीची आहे, भंतेजी. अगदी तीच आहे ही. भीती वाटते मला. माझी दारू सुटली, का मी नुसतं भांडं बदललं?"

हे बोलताना त्यांचा कोर्टातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

भंते शिवत राहिले. चार टाके घातले, दोरा दातानं तोडायला गेले आणि दात नाहीत हे आठवून हसले. मग दोरा वकीलसाहेबांपुढे धरला. वकीलसाहेबांनी तो तोडून दिला.

"यानं त्रास कोणाला होतो?"

एवढं विचारल्याबरोबर वकीलसाहेबांमधला वकील पुन्हा जागा झाला. "कोणालाच नाही! तेच तर म्हणतो. झिंग नाही, शिवीगाळ नाही, पडणं-झडणं नाही. पिऊन कोर्टात उभा राहतो, गाडी चालवतो. मला एक साक्षीदार आणून दाखवा, ज्याला माझ्या या कॅनचा त्रास झाला. एक!"

"उद्या भोजनदान कोणाकडून आहे?"

"आमच्याकडूनच. कुंदा येणार आहे, मोहल्ल्यातल्या बाया घेऊन."

"बायको?"

"हो. पण तिला विचारून काही उपयोग नाही, आधीच सांगतो. ती माझ्याच बाजूची आहे. म्हणते, प्या बापा, त्याच्यापेक्षा हे बरं."

"बरं तर."

भंतेंनी कॅन उचलला आणि झोळीत टाकला.

"साक्ष उद्या."

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच टेम्पो आला. पातेली उतरली. वरण, भात, भरली वांगी, पोळ्या, आणि कुंदाबाईंनी रात्रभर राबून केलेली बुंदी. बाया पांढऱ्या साड्यांत, हसत-बोलत, चटया अंथरत होत्या.

आता शिबिराचा रिवाज असा, की चिवर पांघरलं की घरचंही माणूस वाकून वंदन करतं. आई मुलाला करते, बायको नवऱ्याला करते. कुंदाबाईंनी वाकून हात टेकले आणि उठताना हळूच म्हणाल्या, "मिशी काढल्यावर किती साधे दिसता जी!" वकीलसाहेबांना हसू आवरणं कठीण झालं. मनातून मात्र बरं वाटत होतं त्यांना. बायकोची मान ताठ होती, गाल भरले होते, चारचौघींत ठसक्यानं बोलत होती. हिला आपण सुखात ठेवलंय, असं त्यांना वाटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

भिक्खू आणि श्रामणेर ओळीनं बसले. भंते जाता जाता वकीलसाहेबांपाशी थांबले, कॅन त्यांच्या पात्राशेजारी ठेवला.

"मी मान हलवली की फोड."

"जेवतानाच?"

"अजून बारा वाजायचे आहेत. नियमाचा प्रश्न नाही."

वाढणं सुरू झालं. कुंदाबाईंकडे वरणाचं पातेलं होतं. वकीलसाहेबांना वाढून त्या पुढे गेल्या, पुढच्या दोघांना वाढलं आणि तिसऱ्यासमोर वाकल्या. त्यांची पाठ वकीलसाहेबांकडे होती.

ओळीच्या त्या टोकाला भंतेंनी मान हलवली.

वकीलसाहेबांनी कडी ओढली.

फस्स...

कुंदाबाईंचा हात होता तिथं थांबला. पळी तिरपी झाली आणि वरणाची धार पात्र सोडून चटईवर सांडली. समोरचा श्रामणेर "अहो ताई, ताई," म्हणाला, पण त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्या वळल्या. वळून त्यांनी कॅनकडे पाहिलंच नाही. आधी नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्याच्या हातांकडे. मग आजूबाजूला आणखी कोण कोण आहे, तिकडे.

हे सगळं एका श्वासाइतक्या वेळात झालं. मग त्यांना कॅन दिसला.

"अगं बाई, हे होय!" त्या हसल्या, पदरानं चटई पुसली आणि पुढच्याला वाढू लागल्या.

दुसऱ्या कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. वकीलसाहेबांचा घास मात्र तोंडातच राहिला. ती नजर त्यांनी ओळखली होती. पंधरा वर्षं ती नजर त्यांनी पाहिली नव्हती आणि ती गेली असंच ते समजत होते. गेली कुठे होती? घरी ते बाहेरच्या खोलीत कॅन फोडत आणि ती आत स्वयंपाकघरात असे. मधे भिंत होती, एवढंच.

कॅन तसाच राहिला. त्यांनी तो प्यायला नाही.

गाथा म्हणून झाल्या, आशीर्वाद झाला, बायांची जेवणं झाली. मग भंतेंनी दोघांना उन्हात बोलावलं. कुंदाबाई खाली बसल्या, वकीलसाहेबही बसले.

"प्रत्येक वेळी?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"काय प्रत्येक वेळी?"

"तो आवाज झाला की... प्रत्येक वेळी असं होतं तुला?"

कुंदाबाईंनी भंतेंकडे पाहिलं. भंते तलावाकडे पाहत होते.

"तेव्हा तुम्ही सोड्याची बाटली फोडायचात ना जी. आवाज तोच. तो आला की मी पोरीला मागच्या दारानं शेजारी पाठवायची." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "आता तसं नाही. आता क्षणभरच होतं. मग मी काही तरी निमित्त काढून बाहेर येते, तुमच्या जवळून जाते, वास घेते. वास नसतो. मग परत जाते पोळीपाशी."

"रोज?"

"तुम्ही किती फोडता?"

"पाच... सहा."

"तर तितक्यांदा."

वकीलसाहेबांचे डोळे भरून आले. चिवरानं डोळे पुसावेत की नाही, हेही त्यांना कळेना.

"कधी बोलली का नाहीस, कुंदा?"

"काय बोलू? एवढी मोठी गोष्ट सोडली तुम्ही माझ्यासाठी, पोरीसाठी. आता वर हेही सोडा म्हणू? आणि भीती काय खरी थोडीच आहे? सुटली तुमची दारू. मी सांगते ना, सुटली. माझ्या कानांची तेवढी सुटली नाही अजून."

वकीलसाहेब ताडकन उठले.

"ठरलं! आजपासून एकही नाही. चोवीसच्या चोवीस कॅन तलावात ओततो. दारू सोडली तशीच सोडतो, एका घावात!"

कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. पण हसू काही थांबलं नाही.

"काऊन हसतेस?"

"भंतेजी, खोटं बोलू नये म्हणून सांगते. नऊ वेळा सोडली होती यांनी! माझ्या भावाच्या लग्नात सोडली, पोरीच्या दहावीला सोडली, एकदा तर पिऊन आले आणि सोडली म्हणाले. नवव्यांदा सुटली ती. एका घावात म्हणे!"

भंते हसले. बोळक्या तोंडानं, अंग हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. आधी वकीलसाहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनाही हसू फुटलं. पंधरा वर्षं सभांमधून सांगितलेली गोष्ट एका मिनिटात बायकोनं निकालात काढली होती आणि त्यांना चक्क हलकं वाटत होतं. आपली उलटतपासणी इतकी चांगली कोणी घेतली नव्हती, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

ते पुन्हा खाली बसले.

"मग एकदम नको," ते म्हणाले. "टप्प्याटप्प्यानं करू. सहाचे चार. चाराचे दोन. कुंदा, कपाटाची किल्ली तुझ्याकडे ठेव. तूच मोजून दे."

"मी नाही बापा," कुंदाबाई लगेच म्हणाल्या. "खूप राखण केली मी तुमची. आता नाही करणार. प्यायचं तर प्या, नाही तर नका पिऊ, पण मला शिपाई करू नका."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण तो निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं, हे वकीलसाहेबांना कळलं.

ते भंतेंकडे वळले. वाद घालायचा म्हणून नाही, या वेळी खरोखर विचारायचं म्हणून. दोन्ही हात आपोआप जुळले होते.

"भंतेजी, तुम्हीच सांगा. पूर्ण सोडायचं तर माझा भरवसा नाही. कमी करायचं तर मोजणार कोण? रोज किती पिऊ मी? दोन? एक?"

भंते उठले. गुडघे धरून, हळूहळू. ऊन कलायला लागलं होतं. टेम्पोपाशी बाया पातेली चढवत होत्या आणि कोणी तरी कुंदाबाईंच्या नावानं ओरडत होतं. कुंदाबाई "आले, आले" म्हणत उठल्या, पण गेल्या नाहीत. त्यांनाही ऐकायचं होतं.

भंतेंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे...

"मोजत बसू नकोस. फोडायच्या आधी हिला एक हाक मारत जा."