वीतभर रबरी नळी

“मग पेटी देणार की नाही, चाचा? एकदाच काय ते सांगून टाका.”

संग्राम हे मी आल्यापासून तिसऱ्यांदा विचारत होता. मिरजेला दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात त्याची सात वर्षं झाली होती. गुरुवारी बायपासला त्याचं स्वतःचं गॅरेज उघडायचं होतं. शिकून बाहेर पडणाऱ्याला मिस्त्री आपल्या हातानं पान्यांची पेटी देतात. ती नसेल तर त्यांचा जुना गाडीवाला नव्याच्या दारात गाडी लावत नाही.

मिस्त्रींनी माझ्या गाडीकडे बोट केलं.

“ह्या साहेबांचे प्लग बदल.”

“प्लग? सात वर्षांनी प्लग?”

“कधी बदलायचे?”

“चाळीस हजार किलोमीटरला. सकाळी सुरू व्हायला कुरकुरली, चालताना धक्के द्यायला लागली, तर त्याआधी. हे काय विचारणं झालं?”

“आणि?”

“आणि काय, आणि!”

मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात टेकवला आणि चटकन उचलला. मी जयसिंगपुराहून नुकताच आलो होतो.

“...इंजिन गार झाल्यावर,” संग्राम दातओठ खात म्हणाला.

“मग बस.”

बसलो. नऊ चाळीस ते अकरा. दोन चहा झाले. संग्राम पाच वेळा उठला, पाच वेळा बॉनेटला हात लावून परत आला.

जुने चारही प्लग निघाले. नवे बसवायला त्यानं पाना उचलला, तर मिस्त्रींनी तो काढून घेतला आणि खिशातून वीतभर रबरी नळी काढून दिली. बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. तिच्या टोकात प्लग खोचायचा, बोटांनीच फिरवत आत न्यायचा. पाना फक्त शेवटी.

“सात वर्षं झाली हो चाचा, अजून नळीच?”

मिस्त्रींनी पहिला प्लग त्याच्या पुढ्यात सरकवला.

तीन प्लग सरळ गेले. चौथ्याला नळी घसरली. पुन्हा लावली. पुन्हा घसरली.

“दमच नाही हिच्यात! पाना असता तर एका झटक्यात बसवला असता.”

मिस्त्रींनी लगेच पाना पुढे केला.

महिन्यापूर्वी माझ्यासमोरच संग्रामनं एका गाडीत तिरका लागलेला प्लग पान्यानं जोर लावून बसवला होता. प्लग ज्यात फिरतो ते इंजिनाचे आटे गेले. गाडीवाला भर रस्त्यात मिस्त्रींना नाही नाही ते बोलला, आणि मिस्त्रींनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

संग्रामनं पाना लावला. हात थांबला.

“...फिरवू, चाचा?”

“पाना तुझ्या हातात आहे.”

...

त्यानं पाना खाली ठेवला. नळी घेतली आणि उलटी फिरवली. आट्यात आटा बसल्याचं बारीकसं ‘टक्’ झालं. मग सुलटी. प्लग अलगद आत गेला. वर पान्यानं अर्धा फेरा.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली.

“झालं मनासारखं?” संग्राम हात पुसत चिडूनच म्हणाला. “आता तरी द्या.”

मिस्त्रींनी नळी फडक्यानं नीट पुसली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात खोचली.

“...आणि पाने?”

“पाने बाजारात मिळतात.”