भिंगरी, धूर आणि लाल टिकली

एक होती भिंगरी. इवलीशी, काळी-निळी पक्षीण. लांबच्या देशी गेली होती. तिथे ती चिखलाची अजून गोल गोल घरटी बांधायला शिकली. मग घरी परत आली. भिर्र भिर्र भिर्र.

तिला वाटलं होतं, कमलताईंच्या गाडीची शेड असेल. शेडमध्ये गार वारा असेल. वर पत्र्याखाली आपलं जुनं घरटं असेल.

शेड होती. गाडीही होती, जुनी लाल. पण वारा नव्हता. धूर होता. काळा काळा धूर. आणि घरटं? काळंकुट्ट होऊन खाली पडलेलं.

भिंगरीने नवा चिखल आणला. गाडी म्हणाली, फट् फट् फुस्स. चिखल काळा झाला. टप्प. खाली पडला.

भिंगरीच्या पोटात अंडं होतं. उद्या घालायचं होतं. भिंगरीला आला राग. ती गाडीखाली शिरली. तिथे होता धूर गाळायचा डबा.

"डब्या डब्या, धूर गाळ. धूर जाईना, घरटं होईना. माझं अंडं ठेवू कुठे?"

डबा म्हणाला, "नाही गाळणार. इंजिन मला कच्चं पेट्रोल पाठवतं. माझं तोंड पोळतं. आधी इंजिनाला सांग."

भिर्र भिर्र भिर्र. भिंगरी गेली इंजिनाकडे.

"इंजिना इंजिना, पेट्रोल कमी पी. डबा गाळेना, धूर जाईना, घरटं होईना. माझं अंडं ठेवू कुठे?"

इंजिन म्हणालं, "नाही पिणार कमी. नाक म्हणतं, अजून पी, अजून पी. आधी नाकाला सांग."

गाडीला नाक असतं बरं का. धुराच्या नळीत खुपसलेलं. त्याचं मोठं नाव ऑक्सिजन सेन्सर. धूर हुंगायचा आणि इंजिनाला सांगायचं, हे त्याचं काम.

भिर्र भिर्र भिर्र. भिंगरी गेली नाकाकडे.

"नाका नाका, नीट हुंग. इंजिन ऐकेना, डबा गाळेना, धूर जाईना, घरटं होईना. माझं अंडं ठेवू कुठे?"

सूं सूं सूं. नाक म्हणालं, "मी नीटच हुंगतो. पण नळीला पडलीय फट. बाहेरचा वारा आत येतो. मला वाटतं, वाराच फार, पेट्रोल कमी. नट ढिला, म्हणून फट. आधी नटाला सांग."

भिर्र भिर्र भिर्र. भिंगरी गेली नटाकडे.

"नटा नटा, घट्ट बस. नाक सुधरेना, इंजिन ऐकेना, डबा गाळेना, धूर जाईना, घरटं होईना. माझं अंडं ठेवू कुठे?"

नट म्हणाला, "आपला आपण कसा बसू? मला पाना लागतो. पाना शेवंतामावशीकडे. आधी मावशीला सांग."

समोरच होतं शेवंतामावशीचं गॅरेज. मावशी बसली होती चहा पीत. फुर्र, फुर्र.

भिर्र भिर्र भिर्र. भिंगरी गेली मावशीकडे.

"मावशी मावशी, पाना घे. नट बसेना, नाक सुधरेना, इंजिन ऐकेना, डबा गाळेना, धूर जाईना, घरटं होईना. माझं अंडं ठेवू कुठे?"

मावशी म्हणाली, "अगं बये, गाडी बिघडली की पिवळा दिवा लागतो. कमलताई म्हणाल्या, दिवा दिसत नाही. दिवा नाही, तर काम नाही. आधी दिव्याला सांग."

भिर्र भिर्र भिर्र. भिंगरी खिडकीतून गाडीत शिरली.

"दिव्या दिव्या, लाग की रे. मावशी उठेना, नट बसेना, नाक सुधरेना, इंजिन ऐकेना, डबा गाळेना, धूर जाईना, घरटं होईना. माझं अंडं ठेवू कुठे?"

दिवा बारीक आवाजात म्हणाला, "मी लागलोय गं. कधीचा लागलोय. माझ्यावर काय चिकटलंय, बघ."

भिंगरीने पाहिलं. दिव्यावर होती टिकली. मोठी, गोल, लाल.

तेवढ्यात कमलताई आल्या. त्यांच्या कपाळावरही तशीच टिकली. मोठी, गोल, लाल.

"ताई, दिव्यावर टिकली कुणी लावली?"

"मीच लावली," कमलताई म्हणाल्या. "मेला सारखा डोळ्यांत खुपायचा."

भिंगरी फुगून चेंडू झाली. "दिवा खुपला? आणि धूर नाही खुपला? माझं घरटं पडलं, ते नाही खुपलं?"

कमलताई खाली पडलेल्या घरट्याकडे बघत राहिल्या.

भिंगरीने चोचीत टिकली धरली. ओढली. चर्र.

दिवा दिसला. पिवळा पिवळा.

भिंगरीने मावशीला हाक मारली. मावशी उठली. आली पाना घेऊन. नळीवर साबणाचं पाणी ओतलं. बुडबुड बुडबुड. "ही बघा फट."

"धूर बघून सगळे तर म्हणाले, डबाच बदला," कमलताई म्हणाल्या.

"डब्याचा काय गुन्हा? डबा शाबूत आहे. पण तुमची टिकली अजून राहिली असती, तर जळला असता बिचारा."

मावशीने पाना फिरवला. कर्र कर्र कर्र. नट बसला. नाक सुधरलं. इंजिनाने ऐकलं. डब्याने गाळलं. धूर गेला.

गाडी म्हणाली, हुम्म्म्म.

भिंगरीने चिखल आणला. एक गोळी, दोन गोळ्या, पुष्कळ गोळ्या. कमलताईंनी बादलीत चिखल कालवून दिला. संध्याकाळपर्यंत घरटं झालं. गोल गोल. दाराशी चिकटवली टिकली. लाल लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने अंडं घातलं. पांढरं, इवलंसं. त्याला ऊब देत ती बसली. खाली कमलताई गाडीत बसायला आल्या.

भिंगरीने मान बाहेर काढली. तिने ठरवलं, आता लांब जायचं नाही. इथेच राहायचं. आणि रोज सकाळी विचारायचं.

"ताई, दिवा बघितला का?"