पस्तीस की पन्नास

"पस्तीस की पन्नास? चाचा, आज तरी सांगून टाका."

दस्तगीरचाचांनी कपाळाला हात लावला.

"भालचंद्र, दिवाळीपासून हेच ऐकतोय. कॅमेरा घेऊन बसलास, त्याला अजून लेन्स नाही."

"पहिलीच लेन्स आहे, चाचा. चुकली तर?"

येवल्यातल्या त्या खोलीत पैठणीचा माग आज शेवटचा चालत होता. विणत होते अण्णा, भालचंद्रचे वडील. नजर अधू झाली होती. ही साडी कापून उतरवली की माग सुटा करायचा, असं घरात ठरलं होतं.

त्याआधी मागावर बसलेल्या अण्णांचा एक फोटो भालचंद्रला हवा होता. म्हणून तर फोटोग्राफी शिकवणाऱ्या चाचांना त्याने दोन लेन्स घेऊन बोलावलं होतं.

"पस्तीसच्या लेन्समध्ये सगळा माग मावेल. पण अण्णा लहान दिसतील. पन्नासमध्ये अण्णा जवळ येतील, पण माग..."

"विणून होत आलं त्यांचं."

"हो, हो. पण पस्तीसला कडेला जरा..."

"अरे, आण तो कॅमेरा इकडे!"

चाचांनी पाठ फिरवून एक लेन्स बसवली आणि कॅमेरा त्याच्या हातात जवळजवळ आदळला.

भालचंद्रने कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. आत दोन अण्णा होते. त्याने फोकसची कडी फिरवली तसे ते सरकत सरकत एकमेकांवर आले, एक झाले.

"वा! पस्तीसच ही. किती मोकळं दिसतंय!"

खट्. खट्.

चाचांनी हात लांब केला आणि लेन्सवरचं काळं झाकण काढलं.

भालचंद्र बघतच राहिला. या जुन्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर वेगळी खिडकी असते. लेन्स कुठलीही लावा, खिडकीत तेच दिसतं. लेन्सवर झाकण असलं तरी तेच.

"तुम्हाला झाकण दिसत होतं, चाचा! सांगायचं ना!"

"तू ते विचारलं नाहीस."

"भालू," मागावरून अण्णांचा आवाज आला. त्यांच्या हातात कात्री होती. "संपलं का रे तुमचं? कापू?"

"थांबा, अण्णा! नाही... कापा. तुम्ही कापा."

लेन्सचा आकडा आता उघडा होता. भालचंद्रने तो पाहिला नाही. तो गुडघ्यांवर बसला. पुढे सरकला. आणखी पुढे.

खट्.

बाहेर ओट्यावर चाचा लेन्स काढून पिशवीत ठेवत होते.

"चाचा, कोणती होती ती?"

चाचांनी डोळे मिटले, उघडले.

"कापताना अण्णांनी काय केलं?"

"डाव्या अंगठ्यानं काठ चाचपला. मग कात्री चालवली. अंगठा मात्र... तिथंच ठेवला. बराच वेळ."

चाचांनी पिशवीचं तोंड आवळलं.

"अरे बाबा, मग हवी होती तीच होती."